लिंबाचा पुकारा

सकाळी दूधवाला येण्याआधी आमच्या गल्लीत पुकारा व्हायचा. "गुलमोहर, हाऽऽजिर हो!" गुलमोहर कसला बोलतोय! मग साळवेकाकाच त्याच्या बुंध्याशी उभे राहून उत्तर द्यायचे, "हाजिर!" त्यानंतर बदाम, करंज आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या दारातला कडुलिंब. काकांनी जालन्याच्या कोर्टात आयुष्यभर पक्षकारांची नावं पुकारली होती. निवृत्तीनंतर पक्षकार बदलले, आवाज तोच राहिला. अंबड रोडच्या या कॉलनीत मी नवी आले तेव्हा वाटलं, गेलं हे म्हातारं कामातून!

"जो तारखेला हाजिर न्हाई त्याची केस गेली समजा," ते म्हणायचे. "माणूस वकील तरी लावतो. झाडानं काय करावं?"

तो लिंब सुमनकाकूंनी लावलेला. कॉलनीला पाणी टँकरचं, म्हणून भांडी विसळलेलं पाणी काकू त्याच्या बुडाशी ओतायच्या. काकू गेल्या आणि काका स्वतःची भांडी लिंबाखालीच बसून घासू लागले. मी एकदा म्हटलं, "काका, भांड्याला बाई लावा की." तर म्हणाले, "मंग पाणी मोरीत जाईल ना पोरी."

मुलगा सुनील पुण्यात नोकरीला. एका उन्हाळ्यात आला आणि म्हणाला, दोन खोल्या वाढवू, आम्ही सगळे इथंच राहायला येतो. फक्त लिंब काढावा लागेल. नातवंडं अंगणात खेळणार म्हटल्यावर काका विरघळलेच. घर त्यांच्या नावावर, तेव्हा झाड तोडायच्या अर्जावर सहीही त्यांनीच केली. काही दिवसांनी पालिकेचा माणूस लिंबाला नोटीस चिकटवून गेला: कुणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी.

त्या सकाळी पुकारा लिंबापाशी येऊन अडला. काका नाव घेईनात. दुसऱ्या दिवशीही तेच. मुदत संपायच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, माझ्या नवऱ्याच्या गाडीवर मागे बसले आणि थेट पालिकेत गेले.

"अर्जदारही तुम्हीच, हरकतदारही तुम्हीच?" तिथल्या साहेबांना हसू आवरेना.

"अर्ज सुनीलच्या बापाचा हाये साहेब. हरकत सुमनच्या नवऱ्याची."

"मग अर्ज मागे घ्या ना सरळ!"

"न्हाई. पोरगं म्हणंल, बापानं शब्द फिरवला. तुम्ही बराबर सुनावणी घ्या आन् तुम्हीच फेटाळा."

फेटाळला. लिंब राहिला, पण सुनील काही राहायला आला नाही. संध्याकाळी काका लिंबाखाली बाज टाकून बसायचे आणि रस्त्याला गाडी वळली की त्यांची मान वळायची. "केस जिंकलो पोरी," एकदा म्हणाले, "पण आता घरात पुकारा केला तर हाजिर कोणी न्हाई." मी घरातून गरम पिठलं-भाकरी आणून दिली.

पुढे गुडघे गेले, तेव्हा सुनीलच त्यांना पुण्याला घेऊन गेला. जीपमध्ये बसताना माझा हात धरून म्हणाले, "याच्याकडं ध्यान असू दे. तिकडं एवढ्या वरच्या मजल्यावर मी पुकारा कोणाचा करू?" त्याच थंडीत तिकडेच गेले. अजून दुधाच्या वेळेला माझे कान रस्त्याकडे लागतात. काय करू, फार आठवण येते त्या म्हाताऱ्याची.

गेल्या महिन्यात ते घर विकलं गेलं आणि लिंबावर पुन्हा नोटीस लागली. या वेळी अर्ज नव्या मालकांचा. मी हरकत दिली. सुनावणीच्या दिवशी हॉल माणसांनी भरलेला. मान वर न करताच कारकुनानं विचारलं, "अंबड रोड, लिंबाचं झाड. हरकतदार कोण आहे?"

मी हात वर केला, पण तो बघतच नव्हता. हरकतदार नाही, असं तो आता लिहिणार, एवढंच दिसलं. मग जो आवाज निघाला तो माझा नव्हताच.

"हाऽऽजिर!"

सगळा हॉल वळून बघायला लागला.