गाडीची खुशाली

आजवर कुठल्याही कंपनीला माझ्या साडूंसारखा ग्राहक मिळाला नसेल. मिळाला असता तर ती एक तर सुधारली असती, नाहीतर बंद पडली असती. साडू मूळ अमळनेरकडचे. सगळी नोकरी सुरतेत झाली, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड तपासण्यात. डोळ्यांसमोरून कापडाचा ताका सरकत जायचा आणि ते एकच शब्द बोलायचे: ‘फ्रेश’, ‘सेकंड’ किंवा ‘चिंधी’; म्हणजे निर्दोष, दुय्यम किंवा टाकाऊ. निवृत्तीनंतर ताके गेले, शब्द राहिले. दूधवाला फ्रेश, व्याह्यांचा पाहुणचार सेकंड, सोसायटीची लिफ्ट चिंधी. माझ्याबद्दलचं मत विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

मुलाने त्यांना एक जुनी गाडी घेऊन दिली आणि तिचा विमा मोबाइलवरूनच उतरवला. ना ऑफिस, ना एजंट. साडू गोंधळले. “दादा, हाई कंपनीनं तोंड कोठे शे?” त्यांनी मला विचारलं. तोंड दिसेना, तेव्हा ते आवाजावरून माल तपासू लागले. विमा घेतला म्हणजे अधूनमधून खुशाली कळवायला हवी, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते फोन लावत, वाट पाहायला लावणारी धून ‘सेकंड’ ठरवत आणि पलीकडच्या मुलीला सांगत, “बेटा, गाडी को कुछ नहीं हुआ, बस इतनाच बोलने का था.” मग तिचं गाव विचारत, जेवली का विचारत. ती बिचारी म्हणे, “सर, आपकी समस्या?” साडू म्हणत, “समस्या नहीं है, इसीलिए तो फोन किया!” शेवटी यंत्राचा आवाज एक ते पाच गुण मागायचा. तेव्हा ते चष्मा लावून इतका वेळ विचार करत, की फोन आपोआप कटायचा आणि साडू पुन्हा लावायचे, कारण मुलीचे गुण द्यायचे राहिले होते.

एके दिवशी साड्यांची गाठोडी भरलेला टेम्पो मागे येता येता त्यांच्या गाडीच्या दारात घुसला. दार आत गेलं. मी तिथेच होतो. मी निवृत्त हेडक्लार्क. सोसायटीत सगळे मलाच विचारायला येतात, त्यामुळे न विचारताही सांगायची सवय. मी म्हणालो, “दवाखान्याचं कसं असतं? आधी इलाज, मग बिल. गाडीचंही तसंच.” साडूंनाही ते लगेच पटलं. मिलमध्ये गिऱ्हाईक पार्टी माल बघायला यायच्या आधी डाग काढून ठेवायची पद्धत होतीच. त्यांनी दार ठोकून घेतलं, रंग मारला, गाडी धुतली, बोनेटवर हळदीकुंकू वाहिलं आणि मग कंपनीच्या माणसाला मोबाइलवरून चारही बाजूंनी दाखवली. त्याने गाडी पुन्हा एकदा फिरून दाखवायला सांगितली. मग म्हणाला, “अंकल, नुकसान किधर है?” साडू अभिमानाने म्हणाले, “किधर भी नहीं!”

दोन्हीकडचा गोंधळ मिटायला बरेच फोन लागले. अखेर इंदूरची एक मुलगी मराठी-हिंदी मिसळून नीट बोलली. त्या वेळी आम्हा दोघांची मुलं-सुना बसली होती, फोन स्पीकरवर. ती म्हणाली, “अंकल, दार मोडलेलं कोणी पाहिलं का? पहले रिपेअर करो, हे कोणी सांगितलं? त्यांनी लिहून दिलं तर मी पुन्हा वर पाठवते. नाहीतर दावा खोटा धरतील.” साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या चहाकडे पाहिलं. सगळ्यांसमोर जाणकार म्हणून बसलो होतो, उठवेना. साडू फोनकडे वळले. “मेरेच दिमाग में आया, बेटा. किसी ने नहीं देखा.” दावा फेटाळला गेला. गुण मागितले तेव्हा मात्र त्यांनी चष्मा न लावताच पाच दाबले. “कंपनी चिंधी, पोर फ्रेश,” एवढंच म्हणाले.

पुढे सोसायटीत साडूंची थट्टा सुरू झाली: धडधाकट गाडी दाखवून कंपनीला गंडवायला निघालेले आप्पा! उभ्या आयुष्यात ज्यांनी सेकंडला कधी फ्रेश म्हटलं नाही, त्यांना लोक खोटारडे म्हणू लागले आणि मी त्या हसण्यात थोडासा हसलोही. साडूंनी खुशालीचे फोन बंद केले.

गेल्या रविवारी मी दोन्ही घरच्या मंडळींना बसवून सगळं सांगितलं. दार मोडलेलं मी पाहिलं होतं आणि सल्लाही माझाच होता. मग त्यांच्यासमोरच कंपनीला फोन लावला. कोणी नवीनच मुलगी होती. “सर, वह क्लेम तो बंद हो चुका है. आपको अब क्या चाहिए?” मी दार मोडल्याचं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. तिने धन्यवाद म्हटलं, यंत्राने गुण मागितले, आणि कोणाला, कशाचे द्यायचे या घोळात फोन कटला.

साडू झोक्यावर बसून ऐकत होते. मला वाटलं, आता माझा शब्द उच्चारतील. फ्रेश नाही, एवढं मला ठाऊक होतं. त्यांनी पायाने झोका थांबवला.

“ती पोर जेवनी व्हती का, दादा?”

ते मी विचारलंच नव्हतं. त्यांनी चष्मा शोधला, फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा लावला.