गजाननने न दिलेला थेंब

तमाम पुणेकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, याच शहरातल्या एका प्रयोगशाळेत आमच्या गजानननं आयुष्याची उमेदीची वर्षं काळोख शोधण्यात घालवली, आणि तो सापडला तेव्हा स्वतःच्या हातानं कपाटात ठेवून कुलूप लावलं. सर्वांनी याची नोंद घ्यावी व कृपया शांतता राखावी... माझा धंदाच सूत्रसंचालनाचा. साठीशांत असो की सत्कार, गंभीर आवाज माझ्याकडे किलोच्या भावानं मिळतो. पण त्या सकाळी एका मंगल कार्यालयात मी माइक तपासत असताना वासंतीचा फोन आला. "गजानन गेला. लगेच ये. आणि इथं येऊन मोठ्यानं बोलू नकोस." एवढंच. हातातला माइक चालूच होता आणि मला 'हॅलो' म्हणता येईना.

डेंग्यू. एक डास! या गोष्टीला महिना उलटला, तरी मला अजून त्या डासाचा राग येतो, आणि राग काढायला डास सापडत नाही.

गजानन यवतमाळहून एम.एस्सी.ला आला तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोन खाटा टाकून राहायचो. पहिल्याच दिवशी समोरच्या घरी पाणी मागून तो परत आला आणि म्हणाला, "काय बे, पुण्यात पाणी देण्याआधी कोणाकडे आलात ते विचारतात का?" ते विचारणारी मुलगी म्हणजे वासंती. पुढं तिनं त्याला पाणी दिलं, मग चहा दिला, मग होकार दिला. लग्नाला दोन्ही घरं नाराज होती, त्यामुळे दोन्हीकडून भाषणं मीच केली.

वासंतीचे पाय लहानपणापासून जळायचे. जळायचे म्हणजे अक्षरशः, निखाऱ्यावर उभं राहिल्यासारखे. शाळेत ती बूट काढून फरशीवर पाय टेकून बसायची, तेव्हा घरचे म्हणायचे, नखरे. तिचे वडीलही थंडीत अनवाणी फिरत, पण ते वडील होते, म्हणून त्यांचे नखरे नव्हते. कितीतरी डॉक्टरांनी मनाचा आजार म्हणून सांगितल्यावर एका तपासणीत खरं कारण निघालं. आपल्या नसांच्या पेशींना सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की क्षार आत शिरतो आणि 'दुखतंय' असा निरोप मेंदूकडे निघतो. वासंतीची ही दारं जन्मापासूनच ढिली होती. जराशा उबेनं उघडायची आणि मिटायचीच नाहीत. ती दिवसभर पाण्याच्या टबात पाय ठेवून, समोर पंखा लावून बसायची. बर्फाला मनाई होती, कातडी खराब होते म्हणून, तरी ही बाई कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फ मागवायची आणि वर त्याला सांगायची, "साहेब घरी असतील तर सरबत करतेय म्हणून सांगा हो."

गजानननं मग नोकरीतच हा विषय मागून घेतला. तसल्याच ढिल्या दारांच्या पेशी त्यानं वाढवल्या आणि त्यांत असा रंग घातला की दार उघडलं की पेशी चमकावी. तळहाताएवढ्या ताटलीत शेकडो खळगे, प्रत्येकात पेशी, प्रत्येकात वेगळ्या रसायनाचा थेंब. मग दारांना धक्का द्यायचा आणि बघायचं. ताटलीभर लखलखाट झाला की हा माणूस हिरमुसायचा. एखादा खळगा काळा राहिला की मात्र उड्या मारायचा, कारण तिथल्या थेंबानं दार बंद धरून ठेवलेलं असायचं. पहिला काळा खळगा मिळाला तेव्हा तो जिलेबी घेऊन आला. दुसऱ्या संध्याकाळी पडलेल्या तोंडानं म्हणाला, "मेल्या बे सगळ्या. थेंबानं दार नाही बंद केलं, पेशीच मारल्या. गप्प अन् मेलेल्या, वरून सारख्याच दिसतात." वासंती पाय टबात हलवत म्हणाली, "आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखंच की." मग त्यानं पेशी जिवंत आहेत का हे बघणारी दुसरी चाचणी जोडली. रविवारी, दिवाळीत, स्वतःच्या मेहुणीच्या लग्नातून उठून तो पेशींना खाऊ घालायला जायचा. माझ्या कार्यक्रमाला मात्र कायम उशिरा.

आणि एकदा खरंच हवा तसा थेंब सापडला. दार बंद, पेशी जिवंत, थेंब धुऊन टाकला की दार पुन्हा उघडतंय. या वेळी त्यानं जिलेबी आणली नाही. हृदयाच्या पेशींनाही जवळजवळ तशीच दारं असतात आणि ती मिटून चालत नाहीत. काचेच्या बशीत धडधडणाऱ्या त्या पेशींवर त्यानं तोच थेंब सोडला... धडधड थांबली.

तो हे घरी सांगत होता तेव्हा मी पोह्यांची बशी घेऊन समोरच बसलो होतो.

"घरी आण," वासंती म्हणाली.

"काय?"

"तो थेंब. हृदयाचं मला नको सांगूस. हृदय माझं आहे, त्याचं मी बघते."

"वासंती, धुतल्यावरही त्यातल्या बऱ्याच सुरू झाल्या नाहीत गं."

"माझे पाय कधी थांबतात का रे? शेकडो पेशींवर टाकतोस ना रोज? त्यातलीच एक समज मला." आणि आयुष्यभर सगळ्यांची टिंगल करणाऱ्या त्या बाईनं माझ्यादेखत नवऱ्यापुढं हात जोडले.

गजानन घाबरला की त्याच्यातलं यवतमाळ वर यायचं. "नाही होत वं मायाच्यानं," म्हणाला, आणि खाली बसून टबातलं पाणी बदलायला लागला. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तो पाणी बदलत राहिला.

तो थेंब त्यानं प्रयोगशाळेतल्या कपाटात कुलपात टाकला आणि सगळं नव्यानं मांडलं. आता आधी हृदयाची चाचणी, मग पायांची. या चाळणीतून काहीच खाली पडेना. संध्याकाळी तो दारात आला की ती बघायची, तो नाही म्हणून मान हलवायचा. पुढं पुढं तिनं बघणं सोडलं. मान मात्र तो हलवायचाच... दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा ताप उतरत नव्हता. मी नेहमीसारखा काहीतरी चावटपणा केला. तो हसला नाही. म्हणाला, "अंगाची आग होते म्हणजे काय, ते आता कळून राहिलं बे. अन् तिचं तर हे रोजचंच आहे." मी, एवढा बोलका माणूस, त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत बसलो.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. सूत्रसंचालन मीच केलं, दुसरं येतं काय मला? वासंती पहिल्या रांगेत, पाय निळ्या टबात. गजाननचे वरिष्ठ बोलायला उभे राहिले. चांगले गृहस्थ, पण बोलणं लांबलं. गजाननची शिस्त, गजाननचा संयम... त्यांना त्या थेंबाची हकीकत ठाऊक होती, त्यांनी तीही सांगितली. "घरातूनच एवढा मोह समोर असताना त्यांनी नकार दिला. त्या एका नकारानं त्यांनी एक जीव वाचवला, ही केवढी मोठी गोष्ट!" लोकांनी माना डोलावल्या. टबातलं पाणी हिंदकळल्याचा आवाज मला व्यासपीठावर ऐकू आला, आणि मी काही करायच्या आत, माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात वासंती म्हणाली, "दिला असता ना तो थेंब, तर आज हे भाषण त्याला ऐकावं लागलं असतं... मला नाही!"