पाण्याकडे पाठ

माझ्या वडिलांसारखा, आबांसारखा समाधानी माणूस नाही, असं सगळा गाव म्हणतो. आईचं मत वेगळं होतं. "समाधानी कसले! घुमे हायेत. मनातलं पोटात ठेवत्यात," असं ती म्हणायची.

आमचं जुनं घर, शेत, खळं, सगळं पवना धरणात गेलं. माझा जन्म त्यानंतरचा. तरी पवनानगरला माहेरी आले की माझे डोळे पाण्यावरच. न पाहिलेल्या घराची आठवण कशी येते कोण जाणे, पण येते. आबा मात्र ओट्यावर पाण्याकडे पाठ करून बसायचे. जुन्या गावाचं काढलं की एकच उत्तर, "गेलं ते गेलं. पोटापुरतं हाय की." मला त्यांचा हेवा वाटायचा. तळेगावात सासरी साधा नळ गळला तरी माझा जीव वर-खाली होतो. हा शांतपणा माझ्यात का नाही उतरला, असं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. मी पिशवी ठेवतेय तोच आबा म्हणाले, "खळं उघडं पडलं आसंल. जाऊ या का?"

पिशवी तिथेच टाकून मी निघाले. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, असे ते भेगाळलेल्या गाळातून उतरले. एका सपाट जागी थांबून चपला काढायला लागले. गुडघे वाकेनात.

"राहू द्या आबा, पाय भाजतील."

"खळ्यात पायताण घालून कुणी येतं व्हय?"

मी वाकून त्यांच्या चपला काढल्या, मग माझ्याही. मला तर नुसता गाळ आणि कडेचे चार दगड दिसत होते.

"माझी आई हितं उभी राहून भात उपणायची," आबा म्हणाले आणि अनवाणी पायाने ती जागा चाचपू लागले. एवढी वर्षं ही हुरहूर त्यांनी एकट्याने सांभाळली होती. मला रडू आवरेना. माझी आई म्हणायची ते खरं होतं.

पावसाळ्यात पुन्हा गेले, तेव्हा धरण भरत आलं होतं. आबा ओट्यावरच होते, पण तोंड पाण्याकडे. मी शेजारी बसले. खळ्याच्या जागी आता पाणीच पाणी होतं.

"गेलं, आबा," मी म्हणाले.

"जातंय कुटं?" आबा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. "हाय तितंच हाय."