आबांच्या टीव्हीचा एक नंबर

आमच्या घरात इंटरनेट आलं आणि त्याच आठवड्यात मी ते बंद पाडलं.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. जोडणारा माणूस सगळं नीट चालू करून, चहा पिऊन गेला होता. आमची मुक्ता तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, आता त्याले हात लावू नका. सोमवारी माही मुलाखत हाये." मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरसमोर बसून द्यायची होती आणि नोकरीही कॉम्प्युटरच्या जाळ्यांचीच. अमडापुरात बसून शहरातली नोकरी! मी गल्लीभर सांगून मोकळा झालो होतो. अशा वेळी बापाने हात बांधून बसावं? (बसायला हवं होतं.)

मी राऊटरची सेटिंग उघडली. तेव्हा कळलं, की घरातल्या प्रत्येक यंत्राला आपला असा एक नंबर लागतो, घराला पत्ता लागतो तसा. हे नंबर वाटायच्या पद्धती दोन. एक डीएचसीपी, म्हणजे जो येईल त्याला राऊटर आपोआप रिकामा नंबर देतो. दुसरी, आपण एकेकाला हाताने ठरवून द्यायचा.

"आपोआपच राहू द्या," मुक्ता म्हणाली.

"म्हणजे जो आधी घुसला त्याले वरचा नंबर? आबाच्या टीव्हीच्या आधी तुह्या आईचा मोबाइल?"

"बाबा, हे मशीन हाये, पंगत नाही!"

इथे पोरगी चुकली. मामांचं पान मागे मांडलं म्हणून भर लग्नात जेवण थांबवणारं आमचं खानदान! मी डीएचसीपी बंद केलं आणि मानपानाने नंबर वाटायला बसलो. दोन नंबर भाऊजींना, म्हणजे बहिणीच्या यजमानांना. ते वर्षाकाठी एकदा येतात, पण घरचे जावई! माणूस देऊळघाटात, नंबर आमच्याकडे राखीव. मग मी, मग सौ. सुमन, मग मुक्ता, आणि शेवटी गोठ्यातला कॅमेरा.

घोळ एक नंबरचा झाला. तिथे आधीच कोणीतरी ठाण मांडून बसलं होतं. पाहतो तर खुद्द राऊटर! काल आलेलं डबडं पाटावर, आणि माझे ऐंशीतले वडील मागच्या रांगेत? मी आबांच्या टीव्हीला एक नंबर देऊन टाकला. राऊटरला काही बोललो नाही. (समजूतदार असेल तर आपणच उठेल!)

आबा तेव्हा पिंपळगाव राजाला आत्याकडे गेले होते, त्यामुळे टीव्ही बंद. बाकी सगळं झकास चाललं. मी मिशीला पीळ दिला.

सोमवारी सकाळच्या गाडीने आबा परतले. वर माडीवर मुक्ताची मुलाखत सुरू झाली आणि खाली आबांनी कीर्तनासाठी टीव्ही लावला.

"बाबा!" वरून किंकाळी. "ते साहेब तोंड उघडं ठेवून थिजले!"

मी राऊटर उचलून खिडकीत ठेवला. इकडे आबा करवादले, "काऊन बे, ह्या टीव्हीत नुसतं चाक फिरून राह्यलं?" आणि त्यांनी तो बंद केला.

"आलं! आलं!" वरून मुक्ता.

"खिडकीचा गुण!" मी सुमनला म्हणालो. तेवढ्यात आबांनी पुन्हा टीव्ही लावला. इंटरनेट पुन्हा गायब. मी राऊटर वायरीसकट डोक्यावर धरून स्टुलावर चढलो. आबांनी वैतागून टीव्ही बंद केला, इंटरनेट आलं. मी तसाच पुतळ्यासारखा उभा.

"अवो, उतरा खाली," सुमन म्हणाली. "आबा टीव्ही लावते तवाच जाऊन राह्यलं ते."

"आबाचा काय संबंध? आबा तं एक नंबर हायेत!"

हे वाक्य मुक्ताने ऐकलं, कारण आबांनी तिसऱ्यांदा टीव्ही लावला होता आणि ती जिन्यात आली होती.

"कोन एक नंबर?"

मी सांगितलं. पोरगी पायरीवरच बसली.

"बाबा, तो राऊटरचा नंबर हाये! एका पत्त्यावर दोघं बसवले तुमी. साऱ्या घराचे निरोप टीव्हीकडे जाऊन राह्यले, अन् त्याले काही समजते का?" तिने माडीकडे बोट दाखवलं. "वर साहेब लोकं वाट पाहून राह्यले. गेली माही नोकरी!"

"पण आबाचा मान..." मी स्टुलावरून म्हणालो.

आबांनी ताडकन टीव्ही बंद केला. "मी कवा मांगला होता बे नंबर? पोरीच्या नोकरीपुढं मान काय चाटाचा हाये? दे त्या डबड्याले एक नंबर! अन् मले शेवटचा दे, गोठ्याच्याबी मागचा!"

मुक्ता धावत वर गेली. आम्ही तिघे जिन्यात कान लावून उभे. साहेबांनी विचारलं, सारखं काय बिघडत होतं? मला वाटलं, पोरगी वीज गेली म्हणेल. तिने सगळं सांगितलं! डीएचसीपी, पंगत, जावयाचा राखीव नंबर, स्टुलावरचा बाप.  वर असा हशा उठला, की आबांनाही न कळता हसू आलं. "बिघाड शोधला अन् सोप्या भाषेत समजावूनही दिला," असं म्हणून साहेबांनी तिला घेतलं.

तेव्हापासून मी गल्लीत छाती काढून सांगतो, पोरीला नोकरी बापाच्या कामामुळे लागली. काम कोणतं, असं कोणी विचारलं, की मला एकदम शेतातली मोटर बंद करायची राहिल्याचं आठवतं!