पट्टीमावशींचा कागद

आमच्या मुलींच्या संघासोबत फिरणाऱ्या पट्टीमावशींना रग्बीचे नियम अजून पुरते कळत नाहीत. दोन्हीकडे सात-सातजणी, सात मिनिटांचे दोन डाव, आणि चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, एवढ्यावर त्यांचं भागतं. "पळायचं पुढे आणि द्यायचं मागे. म्हणजे संसारच की हो ताई," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

सव्वीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात जखमा धुताहेत. भाचीचा सामना बघायला म्हणून गेल्या, कुणाच्या तरी भुवईतून रक्त येताना दिसलं, तशा कुंपण ओलांडून आत शिरल्या. भाचीनं पुढे खेळ सोडला, मावशींनी नाही. वर्षभराची रजा त्या स्पर्धांसाठी राखून ठेवतात. नवरा म्हणतो, "हिचं घर मैदानात, मी नुसता टपालाचा पत्ता."

मुलींना त्यांचा धाक आहे. सामन्याच्या दिवशी सगळ्यांचे फोन त्या एका उशीच्या अभ्र्यात गोळा करतात आणि पहिला फोन स्वतःचा टाकतात.

नकाशावर आमच्या देशाचं नाव देशात मावत नाही, समुद्रात छापतात. मोठ्या देशांच्या स्पर्धेत यंदा पहिल्यांदा शिरकाव झाला होता. बारा मुली न्यायच्या असतात. आमच्याकडे तेरावी नव्हतीच. त्या बारांत माझी लेक होती.

हंगामाआधी मावशी प्रत्येकीची एक परीक्षा घेतात. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळानं परत विचारायचे. किती आठवले ते कागदावर लिहून ठेवायचं. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. गुण पहिल्यापेक्षा कमी आले तर खेळ बंद.

यंदाची परीक्षा झाली त्या दिवशी लेक घरी आली ती हसतच. मी भांडी पुसत होते.

"आई, ऐक. कुलूप, गवत, पायरी, लिंबू, खुर्ची. पाचही आठवत होते. मी तीनच सांगितले."

"का गं?"

"अगं, आधीच कमी असले की मार बसल्यावर आणखी कमी कुठून होणार? सगळ्याच करतात. मावशी म्हणाल्या, तुझं डोकं म्हणजे चाळण आहे, पोरी."

मी हसले. चांगली पदवीधर बाई मी, आणि हसले. "पुन्हा विचारलं तर पायरी आणि लिंबू गाळ, ते अवघड वाटतात," असंही वर म्हणाले.

स्पर्धेतल्या दुसऱ्या सामन्यात माझी लेक प्रतिस्पर्धी मुलीला आडवं पाडत असताना त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. मी घरात टीव्हीच्या पडद्यासमोर. मावशी पिशवी घेऊन धावल्या. तिला बाहेर नेलं. मैदानावरच्या डॉक्टरांनी जुना कागद मागितला. मावशींनी तो पिशवीतून काढला, मांडीवर नीट सपाट केला आणि दिला. मग समालोचक म्हणाला, तपासणीत काही कमी आढळलं नाही, पुढच्या सामन्यात ती खेळेल.

आज तिला पाचही शब्द आठवत होते, की खरंच तीनच?

पुढचा सामना तीन तासांनी होता. त्यातला पाऊण तास मी फोन हातात धरून बसले. दोघी आधीच लंगडत होत्या. ही गेली तर नऊच उरणार. मी सांगितलं तर पोर जन्मभर बोलणार नाही. मग लावला मावशींना. वाजून वाजून बंद झाला. प्रशिक्षक सरांना लावला, तोही तसाच वाजून थांबला. सतरा वेळा लावला. सगळे फोन अभ्र्यात वाजत असणार.

ती खेळली. दुसऱ्या डावात चेंडू हातात असताना उलट्या दिशेला पळाली. लोक हसले. मग ती खाली बसली, कुणीही न पाडता.

रात्री मावशींचा फोन आला. इस्पितळातून.

"ताई, सतरा वेळा लावलात. काय सांगायचं होतं?"

मी सांगितलं. सगळं, माझ्या हसण्यासकट.

"मी कागदावर विश्वास ठेवला," त्या म्हणाल्या. "पोरीकडे बघायला हवं होतं."

"मावशी, चूक माझी आहे."

"ती मागाहून वाटून घेऊ. डॉक्टर म्हणतात, मेंदूला सूज आहे, सकाळपर्यंत थांबायचं. आपण जिंकलो का, असं सहाव्यांदा विचारतेय. डॉक्टरांनी पुन्हा पाच शब्द विचारायला सांगितलेत. तुम्ही फोनवर आहात एवढं कळलं तरी तिला धीर येईल. पण काही बोलू नका मधे."

त्यांनी फोन तिच्याजवळ धरला.

"आई? कुलूप," लेक म्हणाली. मग थांबली. "कुलूप... आई, पुढचं काय गं? तुला माहितीये ना. सांग ना."

"सांगू नका, ताई," मावशी हळूच म्हणाल्या.

पाचही शब्द माझ्या तोंडात होते. मी पदराचा बोळा दातांत धरला.