खळीने चिकटवलेली खिडकी

ओराल्बेक आमच्या कारागांडाच्या बसडेपोत इलेक्ट्रिशियन आणि मी ड्रायव्हर. पन्नाशी उलटलेला माणूस प्रोसेसर विकत आणतो आणि कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला बघतो, म्हटल्यावर डेपोतले लोक त्याला वेडा म्हणायचे. मलाही त्यानेच नादाला लावलं. आमच्या टोळीत बाकीची सगळी पोरं, म्हातारे आम्ही दोघंच. नियम एकच होता: थंड करायचं ते पंख्याने आणि हवेने. पाणी नाही, बर्फ नाही.

वेग वाढवला की प्रोसेसर तापतो आणि फार तापला की कॉम्प्युटर बंद पडतो. त्यामुळे कडाक्याचा हिवाळा म्हणजे आमची सुगी. आम्ही एक खिडकी मोकळी ठेवायचो, कॉम्प्युटरची पेटी तिच्यासमोर मांडायचो आणि कानटोप्या घालून आकडे बघायचो. चार गिगाहर्ट्झ बहुतेकांनी गाठले होते. आम्हाला हे सगळं शिकवणारा ओराल्बेक मात्र पावणेचारवर अडकला होता.

कारण कुल्याश वहिनीची छाती. गार वारा लागला की तिला धाप लागायची आणि ती तास तास थांबायची नाही. म्हणून ऑक्टोबर आला की तो पातेल्यात पिठाची खळ शिजवायचा आणि घरातली एकूण एक फट कागदाच्या पट्ट्यांनी बंद करायचा. त्यात आमच्या इमारतींतली हीटिंग. खोलीची भट्टी व्हायची.

वहिनी त्याला सोडायची नाही. "म्हाताऱ्या, उघड की ती खिडकी. मी रजई घेऊन शेगडीपाशी बसते. कालच्या पोरांनी चार गाठले, तू बस पावणेचारवर संसार करत."

"माझा संसार पावणेचारवर बरा चाललाय. चहा ओत," तो म्हणायचा.

सप्टेंबरात वहिनीला इस्पितळात नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. बोलायला दम पुरत नव्हता, तरी शेजारी बसलेल्या ओराल्बेकला म्हणाली, "यंदा खिडकी चिकटवू नकोस रे. तुझा तो आकडा काढून घे."

तिथून ओराल्बेक मला घेऊन तडक घरी आला आणि खळ शिजत घातली. बाहेर लोक बाह्या वर करून फिरत होते, इमारतीतल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि हा एकावर एक दोन पट्ट्या लावत होता.

"अजून महिना आहे की," मी म्हणालो.

"ती आल्यावर घाई नको," तो म्हणाला.

ती आली नाही. नोव्हेंबरात आम्ही तिला पुरलं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला माणूस मावेना इतकी गर्दी झाली. हा दारात उभा राहून प्रत्येकाला जेवून जा म्हणत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

जानेवारीत कडाका पडला तेव्हा पोरांना घेऊन मी त्याच्याकडे गेलो. घरात कोंडून बसलेल्या माणसाला काहीतरी उद्योग हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. "चल, खिडकी उघडू. वहिनीचीच इच्छा होती," मी म्हणालो. सुरी आणून त्याने स्वतःच पट्ट्या कापल्या.

खिडकी उघडताच खोलीत श्वासाची वाफ दिसू लागली. पेटी कट्ट्यावर ठेवली, पंखे पूर्ण वेगाने सोडले. तो थोडाथोडा वेग चढवत गेला. चार आले, टिकले, चाचणी संपेपर्यंत टिकले. "काका, जमलं," म्हणत पोरांनी त्याला मिठ्या मारल्या, पडद्याचे फोटो काढले. तो हसला. पोरांना वाटेला लावलं, खिडकी लावून घेतली आणि स्वयंपाकघरात गेला. मला वाटलं, चहा टाकतोय.

आला तो खळीचं पातेलं आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन. खाली बसून पट्ट्या कापू लागला.

"आता कशाला रे?" मी विचारलं.

"पट्टी धर," तो म्हणाला. "आतल्या खोलीचं दार नीट लागत नाही. गारठा सरळ तिच्या बिछान्यापर्यंत जातो."

बिछाना अजून घातलेलाच होता. मी पट्टी धरली.