साचेबाईंची न केलेली सही

विनयाची स्तुती आपण उदंड केली आहे. परंतु योग्य स्थळी ठामपणे ‘नाही’ म्हणणे हेही शीलच होय, आणि ते अधिक दुर्मीळ.

साचेबाई वाकड्या कण्याच्या मुलामुलींसाठी पाठीचे पट्टे घडवीत. रुग्णालयामागील कार्यशाळेत प्लास्टरमध्ये घेतलेले धडांचे साचे ओळीने उभे असत. त्यांवर तापलेला प्लास्टिकचा पत्रा चढवायचा आणि निवल्यावर कानशीने कडा घासायच्या. त्यांचा स्वतःचा कणाही वाकडाच. जपण्याच्या नावाखाली घरच्यांनी सारे किशोरवय त्यांना बसवून ठेवले. विसाव्या वर्षी पायरीवर नुसता पाय घसरला आणि उजवे मनगट खडूसारखे मोडले.

पट्ट्याबरोबर शाळेतल्या खेळातून सूट देणारी छापील चिठ्ठी द्यायची, अशी तेथील जुनी रीत. ती कोणत्या डॉक्टरांनी घालून दिली, हे कोणासही ठाऊक नव्हते. खाली सही मात्र पट्टा घडवणाऱ्याची लागे.

एकदा चौदा वर्षांची एक मुलगी आईसोबत पट्टा न्यायला आली. बादली उचलताना तिचे बोट मोडले होते.

“मावशी, चिठ्ठी तेवढी द्या. ही खेळताना पडली तर?” आई म्हणाली.

“पडली तर उठेल. बसून हाडं भुसभुशीत झाली, तर माझा पट्टा काय भुसा आवळणार?”

“तुम्हाला बोलायला काय जातंय!”

“मनगट गेलंय, ताई. हे बघा.”

व्यवस्थापक आतून आले. “साचेबाई, सही करा आणि मोकळ्या व्हा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“सहीचा हात मोडका आहे, साहेब. दुसरा शोधा.”

“मला दोरीवरच्या उड्या येतात,” मुलगी जमिनीकडे पाहत पुटपुटली.

“ऐकलंत?” साचेबाईंनी एप्रन काढून खुंटीला लावला आणि दोघींना घेऊन त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. तपासणीत मुलीच्या हाडांची घनता वयाच्या मानाने फारच कमी निघाली. डॉक्टरांनी लिहून दिले: खेळताना पट्टा काढावा, रोज धावावे, उड्या माराव्यात, दूध, ऊन आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात. आईने तो कागद दोनदा वाचला आणि सूट मागितली नाही.

साचेबाईंना तीन आठवडे घरी बसवण्यात आले. अखेरीस, अशी सूट देऊ नये, असे हाडांच्या डॉक्टरांचे पत्र आल्यावर व्यवस्थापकांनीच परत येण्याचा निरोप धाडला. त्या आल्या, क्षमा मागितली नाही, आणि कानस उचलली.

वर्षभराने मुलीच्या हाडांच्या घनतेचा आकडा सुधारला. कणा होता तितकाच वाकडा राहिला. ती धावत होती.

साचेबाई आता नाहीत. त्या कार्यशाळेत खेळातून सूट देणारी चिठ्ठी मिळत नाही, आणि पट्ट्याचे माप घेण्यापूर्वी हाडांच्या तपासणीचा कागद मागतात.